‘आजी कुठे गेली?’ : नवापूर तालुक्यातल्या एका मंडळीचं प्रकरण

हे लिहून झाल्यावर आधी या प्रकरणातल्या तरुण मुलांना वाचायला दिलं. त्यांनी दोन ठिकाणी खाडाखोड केली आणि एवढंच मागितलं की कुणाचं नाव नको, गावाचंही नको. म्हणून इथली माणसं नात्याने आणि कामाने ओळखायची. मी या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, 21 वर्षं शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा शास्त्राचा वर्ग, घेते आहे. आश्रमशाळेतली नोकरी संपली, शब्बाथ शाळा चालूच आहे. ही सगळी मुलं माझ्या हाताखालून गेलेली. मी तटस्थ नाही, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं.

प्रकरण थोडक्यात असं. मागच्या पावसाळ्यात आमच्या चर्चमधले अकरा तरुण उपासनेला यायचे बंद झाले. एकदम नाही. श्रावणात एक गेला, मग तीन, पोळ्यापर्यंत अकरा. रविवारी सकाळी उजवीकडचे मागचे दोन बाक रिकामे दिसायला लागले. आणि गावात कुणकुण सुरू झाली की हीच मुलं रविवारी संध्याकाळी गावाबाहेरच्या एका खळ्यावर जमतात, गिटार असते, ढोल असतो आणि पवित्र शास्त्र, म्हणजे बायबलही असतं. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळात शब्द निघाला, ‘समांतर मंडळी’. ठराव तयार झाला: चार रविवारांत परत यावं, नाहीतर सभासदांच्या यादीतून नावं कमी करावीत, आणि तरुण संघाकडचा कीबोर्ड-माईक जमा करून घ्यावा. ठरावावर सह्या होण्याआधी पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, मला सांगितलं, “बाई, तुम्ही एकदा जाऊन बघा.”

मी गेले. चार रविवार गेले.

आमच्याकडची घरं

बाहेरच्या वाचकाला आमचा मुलूख थोडा सांगायला हवा, नाहीतर मुलांचा प्रश्न नुसता पुस्तकी वाटेल. नवापूर म्हणजे खानदेशाची पश्चिमेची कड. आमच्या रेल्वे स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. पूर्वी आम्ही पश्चिम खानदेशात, मग धुळे जिल्ह्यात, आणि 1 जुलै 1998 पासून नंदुरबार जिल्ह्यात. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्यातले 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. गावित, वळवी, वसावे, कोकणी, पाडवी ही आमच्या हजेरीपटावरची नावं. इकडे सुवार्ता आणली ती मुख्यतः स्कॅन्डिनेव्हियन मिशनरींनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत. चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय 1942 पासूनचं. आमच्या जुन्या माणसांना ‘तुम्ही प्रभूकडे कसे आलात’ असं विचारलं, तर दहातली पाच तरी एखाद्या आजारपणापासून सुरुवात करतात.

म्हणजे ख्रिस्ती होऊन आमच्या घरांना दोन, फार तर तीन पिढ्या झाल्या. एकाच अंगणात एक भाऊ बाप्तिस्मा घेतलेला, दुसरा महाशिवरात्रीला देवमोगऱ्याच्या जत्रेला जाणारा. हे आमच्याकडे नवल नाही. दोन चुली, एक विहीर.

आणि दुसरी गोष्ट ऊसतोडीची. दिवाळी झाली की आई-बाप कोयता घेऊन बारडोली-सुरतेकडे जातात आणि उन्हाळा लागला की परततात. लहान पोरं काही जण बरोबर नेतात. बाकीची राहतात आजीजवळ. तेव्हा आमच्या भागातल्या मुलाला सर्दीत छातीला तेल कोण लावतं, भाताची पेज कोण पाजतं, शाळेत कोण ढकलतं, याचं उत्तर बहुतेक वेळा ‘आजी’ हेच असतं. ती आजी अनेकदा बाप्तिस्मा न घेतलेली असते. ज्या बाईने वाढवलं ती मेल्यावर कुठे गेली, हा प्रश्न आमच्या मुलांना कधीतरी पडणारच होता. तो इतकी वर्षं कुणी चर्चमध्ये मोठ्याने विचारला नव्हता, एवढंच.

त्या रविवारी काय झालं

ज्याने विचारला तो 22 वर्षांचा. नवापुरात डाळमिलमध्ये कामाला आहे. अंगाला तुरीचा भुसा लागलेलाच असतो, रविवारी तेवढा स्वच्छ. लहानपणी माझ्या वर्गात पाठांतराची बक्षिसं सगळी याचीच. त्याचे आई-वडील मंडळीचे सभासद. आजी, म्हणजे वडिलांची आई, काकाकडे राहायची आणि शेवटपर्यंत कुळाचे देव धरून होती. ऊसतोडीच्या आठ हंगामांत याला आणि काकाच्या मुलाला तिनेच सांभाळलं.

ती श्रावणात गेली. काकाने घरच्या रीतीने सगळं केलं. नातवाने खांदा दिला, माती दिली, आणि दिवसाच्या, म्हणजे उत्तरकार्याच्या, जेवणाला मांडवात वाढायला उभा राहिला. शेवटी पंगतीत बसून जेवला.

पुढचा रविवार महिन्याचा पहिला, म्हणजे प्रभूभोजनाचा, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा होता. उपदेश संपल्यावर सूचना झाल्या. सूचनांच्या शेवटी आमचे सगळ्यात वडील पंच उभे राहिले. त्यांना इथे मोठे काका म्हणते, सगळा गाव तेच म्हणतो. त्यांनी नाव घेतलं नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 10 व्या अध्यायातलं 21 वं वचन वाचलं: प्रभूच्या मेजावरही भागीदार आणि भुतांच्या मेजावरही, असं होता येत नाही. एवढंच वाचलं आणि बसले. सगळ्या चर्चला कळलं.

मी दोन बाक मागे होते. द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांचा ट्रे रांगेतून पुढे येत होता. त्याच्या हातात आला तेव्हा त्याने तो दोन्ही हातांनी नीट धरला, एकही पेला न हलू देता शेजाऱ्याकडे दिला, आणि हात पुन्हा गुडघ्यांवर ठेवले. मी आजवर कितीतरी वेळा प्रभूभोजन घेतलं आहे, पण कुणी ते इतक्या आदराने नाकारलेलं मी पाहिलं नव्हतं.

उपासनेनंतर तरुण संघाची बैठक होती. मोठे काकाही थांबले होते. तिथे त्याने विचारलं. आवाज चढवला नाही.

“काका, माझी आजी कुठे गेली?”

काकांनी उत्तर दिलं. ज्याने विश्वास ठेवला नाही त्याचं काय होतं ते शास्त्रात स्पष्ट लिहिलंय, आणि असले प्रश्न मनात कोण घालतो हेही लिहिलंय. “बस खाली.”

तो बसला नाही. खिडकीत विखुरलेली गाण्यांची पुस्तकं गोळा करून त्याने कपाटात लावली, कडी घातली आणि गेला. ते काम दर रविवारी त्याचंच होतं.

मीही त्या खोलीत होते. मी काही बोलले नाही. हे मला लिहायलाच हवं.

खळ्यावर

पंचांच्या यादीत अकरा नावं होती. पहिल्या रविवारी खळ्यावरच्या छपराखाली मी मोजले तर बारा. बारावा म्हणजे त्या डाळमिलवाल्याचा चुलतभाऊ. बाप्तिस्मा न घेतलेला, चर्चच्या पायरीवर कधी न चढलेला. ढोल तोच वाजवत होता. पंचांचा हिशेब गेलेल्यांचा होता. नव्याने आलेला त्यांच्या यादीत कसा असेल?

मला बसायला पोतं दिलं. कुणी दचकलं नाही, कुणी सारवासारवही केली नाही. सुरुवात मावची बोलीतल्या गाण्याने. गाणं फक्त दोन ओळींचं, त्यांनीच जुळवलेलं. त्या दोन ओळी दहा-बारा मिनिटं म्हणत राहिले, भजनात धृपद घोळवतात तसं. मग थांबले आणि बराच वेळ कुणीच बोललं नाही. बाहेर पाऊस, छपरावरून पाणी गळतंय आणि ही अठरा ते चोवीस वयाची पोरं गप्प बसली आहेत, हातात फोन असून कुणी त्याकडे बघत नाही. इतक्या वर्षांत माझ्या वर्गात मी दोन मिनिटांची शांतता राखू शकले नव्हते.

मग वाचन. एक वचन नाही, अख्खा अध्याय. नर्सिंग शिकणारी मुलगी, ती शनिवार-रविवार नंदुरबारहून घरी येते, तीच साधारण पुढाकार घेते. वाचून झाल्यावर ज्याला बोलायचं त्याने बोलायचं. शेवटी प्रत्येकाने उजवीकडच्या माणसासाठी प्रार्थना करायची, मोठ्याने, नाव घेऊन. त्या दिवशी माझ्या डावीकडे ढोलवाला होता. तो म्हणाला, मला तुमच्यासारखं बोलता येत नाही. मग म्हणाला, “देवा, बाईंचा गुडघा दुखतो, बघ.” मी उठताना त्याने पाहिलं असणार.

आता एक गोष्ट स्पष्ट करते, कारण अशा प्रकरणांत ‘आजची तरुण पिढी’ असं एकच गाठोडं बांधायची घाई होते. अकराही जण एका कारणाने गेलेले नव्हते. चौघे गिटारसाठी जमले होते आणि त्यांनी ते सरळ सांगितलं. सकाळच्या उपासनेत आमच्याकडे पेटी-तबला आणि गाण्यांच्या पुस्तकातली ठरलेली गाणी, त्यात त्यांना हात घालायला जागा नव्हती. एक जण सुरतेला कापडाच्या कारखान्यात, त्याची रविवार सकाळची पाळी. तो संध्याकाळच्या गाडीने उतरतो, त्याला खळ्याचीच वेळ जमते. एका मुलीचं लग्न ठरत होतं आणि चर्चमध्ये येता-जाता बायका चौकशा करायच्या, म्हणून ती चुकवत होती.

दोघं सख्खे भाऊ मात्र वेगळ्या ओढीने हलले होते. ते फोनवर मोठमोठ्या सभांतले हिंदी प्रवचनकार ऐकत होते, कर्ज फिटेल, धंदा उभा राहील असं सांगणारे. मला आधी राग आला. मग त्यांच्या घरचं आठवलं. त्यांचे वडील पोल्ट्रीत होते. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरात सापडला, लाखो कोंबड्या मारून पुरल्या, धंदा एका आठवड्यात बसला. पुढे कसंबसं सावरलं, तर 2021 मध्ये पुन्हा तेच. त्या घरावर कर्ज आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या उपासनेत ‘आजारी व पीडितांसाठी’ प्रार्थना होते, पण त्यांच्या कर्जासाठी नाव घेऊन आम्ही कधी प्रार्थना केली नाही, की कुणी घरी जाऊन बसलं नाही. फोनमधला माणूस निदान कर्ज हा शब्द तरी उच्चारतो.

आणि बी.ए. करणारा एक मुलगा. त्याला वसतिगृहात मुलं विचारतात, तुम्ही ख्रिस्ती, मग आदिवासी कसे? अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर ठरत नाही, कायद्याने तो धर्म बदलल्यावर जात नाही, हे त्याला माहीत आहे आणि तो ते समजावून सांगतो. पण तो मला म्हणाला ते मी वहीत लिहून ठेवलं: “बाई, तिकडे म्हणतात तू आता आदिवासी नाहीस. इकडे होळीला ढोलाजवळ उभा राहिलो तर म्हणतात तू अजून आदिवासीच आहेस.” या वाक्यावर आमच्या पंचमंडळाने एक अख्खी बैठक घ्यायला हवी होती.

तिसऱ्या रविवारी त्यांनी करिंथकरांस पत्राचे 8 वा आणि 10 वा असे दोन अध्याय वाचले. नर्सिंगवाली मुलगी म्हणाली, काकांनी 21 वं वचन वाचलं, 27 वं का नाही वाचलं? त्यात पत्र लिहिणारा पौल म्हणतो की विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जावंसं वाटलं, तर पुढे वाढलेलं सगळं खा, विचारत बसू नका. मुलं एकदम उसळली. मला वाटलं आता मोठ्या काकांचा उद्धार होणार. तेवढ्यात तो डाळमिलवालाच म्हणाला, “28 वं पण वाच.” त्यात लिहिलंय की कुणी सांगितलं हे देवाला वाहिलेलं आहे, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. तो म्हणाला, “घरच्या काकाने मला सांगितलं होतं, हे आजीच्या नावाचं आहे. मी तरी खाल्लं. मला ती जेवायची वेळ चुकवायची नव्हती.”

मग तासभर वाद झाला. आठव्या अध्यायात ज्ञानाने माणूस फुगतो आणि प्रीतीने उभारणी होते असं आहे, ते एकाने काढलं. दुसऱ्याने विचारलं की मग मोठ्या काकांना आपल्यामुळे ठेच लागली त्याचं काय, पौल तर म्हणतो भावाला अडखळण होऊ नका. निकाल लागला नाही. पण मी सांगते, इतक्या बारकाईने, स्वतःच्या विरुद्ध जाणारं वचनसुद्धा न लपवता शास्त्र वाचलेलं मी आमच्या मोठ्यांच्या अभ्यासवर्गात पाहिलेलं नाही.

चौथ्या रविवारी मत्तयाचा 25 वा अध्याय, मेंढरं आणि शेरडं: न्यायाच्या दिवशी प्रभू लोकांना उजवीकडे आणि डावीकडे वेगळं करतो, आणि उजवीकडच्यांना म्हणतो की भुकेल्याला जेवू घातलंत ते मलाच घातलंत. वाचन संपल्यावर ढोलवाला प्रथमच चर्चेत बोलला. त्याने विचारलं, “ते उजवीकडचे लोक म्हणतात की प्रभू, आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं? म्हणजे त्यांना पण माहीत नव्हतं का?”

कुणी उत्तर दिलं नाही. मग तोच सांगायला लागला. ऊसतोडीच्या दिवसांत आजीच्या ओट्यावर आम्ही दोघंच नसायचो. तीन घरांची सात पोरं असायची. एकाची तर आई परत आलीच नव्हती. आजी मोठं पातेलं चढवायची आणि ताटं मोजायची नाही, पोरं मोजायची. कोण कुणाचं, कोण चर्चला जातं, कधी विचारलं नाही. एवढं बोलून त्याने ढोल मांडीवर ओढला.

मोठ्या काकांच्या घरी

मुलांची बाजू ऐकून थांबले असते तर हे लिखाण अर्धवट राहिलं असतं. मी काकांकडे गेले. वय 71. चहा झाला. मी ठरावाचं काढलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जे सांगितलं ते इतकी वर्षं एका चर्चमध्ये बसून मला ठाऊक नव्हतं.

त्यांचे वडील त्यांच्या कुळातले पहिले विश्वासी. बाप्तिस्मा घेतला आणि कुळाने घर वाळीत टाकलं. विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. काका सात-आठ वर्षांचे असताना चुलत्याच्या घरी असंच दिवसाचं जेवण होतं. वडील जेवायला गेले, सोबत काकाही. मांडवाच्या तोंडाशी त्यांना उभं केलं आणि सांगितलं, तुझं पान इथे नाही. “पुढे बाप मेला,” काका म्हणाले, “तर खांद्याला चार माणसं भरेनात. दोन मिशनच्या दवाखान्यातून आली.”

तो मांडव त्यांच्यासाठी जेवणाचा नव्हताच. तिथून त्यांच्या बापाला परत पाठवलं होतं. आणि आपल्या मंडळीतला पोरगा तिथे बसून जेवला हे त्यांना बापाला पुन्हा हाकलल्यासारखं झालं. ते रागाने बोलले असं मी धरून चालले होते. ते दुःखाने बोलले होते. पण मुलाला ते कसं कळावं? त्याला फक्त वचन ऐकू आलं.

मी त्यांना म्हटलं, काका, हे तुम्ही त्या पोराला का नाही सांगितलं? ते म्हणाले, “हे काय सांगायचं असतं?”

माझ्या मते प्रकरणाची गाठ इथे आहे. काकांच्या पिढीने विश्वासासाठी फार मोल दिलं, पण त्याची गोष्ट सांगितली नाही. आमच्या हातात आलं ते नियमांच्या रूपात. आम्ही शब्बाथ शाळेत ते उत्तरांच्या रूपात दिलं. मी स्वतः 21 वर्षं उत्तरं पाठ करून घेतली आणि बक्षिसं वाटली. मुलांचं देवाशी काही बिनसलेलं नाही. त्यांना एक जागा हवी होती, जिथे मेलेल्या आजीचं नाव घेता येईल. चर्चमध्ये ती नव्हती म्हणून त्यांनी खळ्यावर केली.

हे फक्त आमच्याच गावचं नाही. रोमन कॅथलिक मंडळीने 2018 च्या ऑक्टोबरमध्ये जगभरच्या बिशपांची सभा तरुण आणि श्रद्धा याच विषयावर घेतली, आणि त्याआधी मार्चमध्ये सुमारे 300 तरुणांना रोमला बोलावून त्यांचं म्हणणं ऐकलं. एवढ्या मोठ्या, जुन्या मंडळीला आधी ऐकून घ्यावंसं वाटलं, तर आमच्या सात पंचांना का वाटू नये, असं मी पुढे बैठकीत विचारलं.

पंचांची बैठक

बैठक दोन तास चालली. मी पाहिलं ते सगळं सांगितलं, मोठ्या काकांच्या घरचं सोडून. ते त्यांचं होतं.

सेक्रेटरींचा मुख्य आक्षेप ढोलावर आणि बाराव्या मुलावर होता. बाप्तिस्मा न घेतलेल्याला घेऊन प्रार्थना, ही कुठली मंडळी? इथे मला मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांचा आधार मिळाला. आमचे वडीलधारे गिटार नको, टिळकांचीच गाणी हवीत असं म्हणतात. पण नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन चर्चमध्ये रुजवलं, तेव्हा मराठी ख्रिस्ती लोक बऱ्याच अंशी इंग्रजी चालीवरची भाषांतरित गीतं म्हणत होते. देशी चाल हीच त्या काळची नवी गोष्ट होती. त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा, आणि 1917 मध्ये, मिशनचा पगार सोडून, त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. ज्यांचं गाणं आपण दर रविवारी म्हणतो त्यांना आजच्या ठरावाने आपण यादीतून कमी केलं असतं, असं मी म्हणाले. जरा कडक झालं असेल, पण मागे घेत नाही.

नंतर पाळकसाहेब बोलले. त्यांनी योहानाच्या 20 व्या अध्यायातला थोमा काढला. मेलेला प्रभू उठला आणि आम्ही त्याला पाहिलं असं बाकीच्या शिष्यांनी सांगितलं, तेव्हा थोमा हा शिष्य म्हणाला, व्रण पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही. आणि प्रभू पुन्हा आला आठ दिवसांनी. त्या आठ दिवसांत थोमा कुठे होता? साहेबांनी वचन वाचून दाखवलं: शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. “दहा जणांनी पाहिलं होतं, एकाने पाहिलं नव्हतं, तरी आठ दिवस त्यांनी त्याला घरात ठेवलं. घराबाहेर काढलं असतं तर प्रभू आला तेव्हा तो तिथे नसता.”

ठराव मागे घेतला नाही, तहकूब ठेवला. मोठे काका शेवटपर्यंत बोलले नाहीत.

बाहेर पडताना साहेब माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. ते साक्रीकडचे, घरात अहिराणी. मी विचारलं, त्या पोराला तुम्ही काय उत्तर देणार? ते हळूच म्हणाले, “हाऊ सवाल मन्हा बी शे, बाई.” त्यांचे आजोबाही बाप्तिस्म्याशिवाय गेलेले.

पुढे काय झालं

दिवाळीपासून दोन गोष्टी सुरू झाल्या. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी गाण्यांची सुरुवात खळ्यावरची मुलं करतात, मावचीत, ढोलासकट. आणि उपासनेनंतर साहेब चिंचेखाली तासभर बसतात. ज्याला विचारायचं त्याने विचारावं. नियम एकच ठेवलाय, समोरच्याचं पुरतं बोलून झाल्याशिवाय कुणी शास्त्र उघडायचं नाही.

पहिल्याच दिवशी डाळमिलवाल्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेच शब्द. साहेबांनी उत्पत्तीच्या 18 व्या अध्यायातला अब्राहाम वाचला, देवासमोर उभा राहून विचारणारा, की सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही का? आणि म्हणाले, “तुझ्या आजीचा न्याय करायला मला बसवलेलं नाही. ज्याला बसवलंय तो पातेलं विसरणारा नाही, एवढा माझा भरवसा आहे.” दोन पंचांना हे फार सैल वाटलं आणि त्यांनी तसं तिथेच सांगितलं. वाद अजून चालू आहे. चिंचेखालीच चालू आहे, हे मला बरं वाटतं.

आज अकरातले सहा जण सकाळच्या उपासनेला बहुतेक रविवारी असतात. ते दोघे भाऊ सुरतेच्या एका मोठ्या सभेला जाऊ लागले आणि तिथलेच झाले. आम्ही त्यांच्या घरी उशिरा पोहोचलो. लग्न ठरलेली मुलगी गुजरातेत सासरी गेली. पाळीवाल्याची पाळी बदललेली नाही. गिटारवाल्यांतला एक कधी येतो, कधी नाही. खळं बंद झालेलं नाही आणि ते बंद व्हावं असं मला वाटत नाही. डाळमिलवाला येतो, पुस्तकं पुन्हा तोच लावतो. प्रभूभोजनाचा ट्रे मात्र अजून पुढे देतो. कुणी त्याला विचारत नाही. बारावा नाताळात चर्चच्या दारापर्यंत आला, कॅरल संपेपर्यंत चपला घालूनच बाहेर उभा राहिला.

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, पहाटे आमची मंडळी कब्रस्तानात जाते. दर कबरीवर मेणबत्ती लावतात. मेणबत्त्या आणायचं काम मोठ्या काकांचं, वर्षानुवर्षं. कबरी किती ते त्यांना पाठ आहे, एकही जास्त आणत नाहीत. या वर्षी सगळ्या लावून झाल्या, उजाडायला लागलं, मंडळी फाटकाकडे निघाली. काकांनी मला थांबवलं. पिशवीतून न फोडलेलं एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं आणि पुढे चाललेल्या दोघा चुलतभावांकडे नुसती मान केली.

“तिकडे बांधावर वारा असतो म्हणावं,” ते म्हणाले. “आडोसा करून लावा.”